देवनागरी अंक बिनचूक कसे लिहावेत: चेक, अर्ज, सातबारा, एक्सेल आणि लग्नपत्रिका

मराठीत आकडे लिहायला वेगळं काय शिकायचं, असं वाटणं साहजिक आहे. तरीही अर्ज दुरुस्तीसाठी परत येतात, चेक वटत नाहीत, एक्सेलची बेरीज शून्य दाखवते आणि पत्रिकेवरचा फोन लागत नाही. या सगळ्यामागची कारणं फिरून तीच ती असतात. एकाच कागदावर दोन प्रकारचे अंक येतात, अक्षरी रकमेत एकोणसाठ आणि एकोणसत्तरची अदलाबदल होते, नाहीतर यंत्राने वाचायचा क्रमांक हौसेने देवनागरीत टाकला जातो.

खालचे टप्पे शक्यतो याच क्रमाने घ्या. पहिला टप्पा सोडलात तर पुढची मेहनत बरीचशी वाया जाईल.

तयारी

कागद लिहायला घेण्याआधी तीन गोष्टी हाताशी ठेवा: मूळ आकडे ज्या कागदावर आहेत तो कागद (पासबुक, पावती, सातबारा, जे असेल ते), एक कच्चा कागद, आणि शेवटी आकडे ताडून बघायला दुसरं माणूस. फोनवर ऐकून थेट पक्क्या कागदावर आकडा लिहू नका. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर, पण लिहिताना दशक आधी येतं. ‘पंचेचाळीस’ ऐकताना कानावर आधी पाच पडतात आणि घाईतला हात ५४ लिहून मोकळा होतो.

टप्पा १: मोजायचा आकडा की ओळखीचा क्रमांक?

कागदावरच्या प्रत्येक आकड्याला हा प्रश्न विचारा. रक्कम, वय, क्षेत्रफळ, उपस्थितांची संख्या, ठरावाचा क्रम हे मोजायचे किंवा वाचायचे आकडे. ते खुशाल देवनागरीत लिहा. खाते क्रमांक, आधार, पॅन, आयएफएससी कोड, मोबाइल, ओटीपी, गॅस ग्राहक क्रमांक हे ओळखीचे क्रमांक. ते मूळ कागदावर जसे छापलेत तसेच, म्हणजे इंग्रजी अंकांत उतरवा.

असा भेद का करायचा? मोजायचा आकडा माणूस वाचतो, समजून घेतो आणि चुकला तर त्याला शंकाही येते. ओळखीचा क्रमांक कुणी समजून घेत नाही, तो नुसता यंत्रात टाकला जातो. देवनागरीतला सोळा-अठरा आकडी खाते क्रमांक पाहून इंग्रजी कळा दाबताना समोरच्या कारकुनाचा एखादा तरी आकडा हुकतोच.

वाहनाच्या पाटीवर निवडीला वावच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ५० प्रमाणे नोंदणी क्रमांकाची अक्षरं इंग्रजी आणि आकडे आंतरराष्ट्रीय वळणाचेच हवेत. मुंबईत बेस्टच्या बसवर मार्ग क्रमांक देवनागरीत दिसतो, मग गाडीवर का नको, असा वाद चौकात पोलिसाशी घालून उपयोग नाही. मार्ग क्रमांक वेगळा आणि नोंदणी क्रमांक वेगळा.

> तपासा: मोजायचे सगळे आकडे एकाच प्रकारचे आहेत का? ‘रु. १५,000’ असा अर्धा देवनागरी आणि अर्धा इंग्रजी आकडा कुठल्याही कागदावर संशय निर्माण करतो.

परिशिष्टांना रोमन अंक देण्याची पद्धत अजून चालते. ती मूळ मसुद्यात असेल तर तशीच राहू द्या, फक्त आतल्या कलमांनाही रोमन अंक देऊ नका.

टप्पा २: हाताचं वळण सुधारा

हाताने लिहायचं असेल तर आधी कच्च्या कागदावर १ ते ९ लिहून तो कागद हातभर लांब धरून बघा. नेहमी घोटाळा करणारे अंक हे:

- १ देवनागरीतला एक इंग्रजी नऊसारखा दिसतो. सर्वांत महागात पडणारी गफलत हीच. वाचणारा इंग्रजी माध्यमातला असेल तर तो रु. १०० चे बिनदिक्कत नऊशे वाचतो.
- ४ वरची दोन टोकं एकमेकांना चिकटली की इंग्रजी आठ तयार होतो. ती ठळकपणे उघडी ठेवा.
- ५ घाईत हा इंग्रजी चारकडे झुकतो.
- ७ इंग्रजी सहा उलटा करावा तसा हा दिसतो. गाठ आतल्या बाजूला नीट वळवा.
- ३ आणि ६ दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना असतात. पेन न उचलता भराभर लिहिताना फरक पुसला जातो.

वळणाबद्दल शंका असेल तर खिशातली नोट काढा. २०१६ पासून आलेल्या महात्मा गांधी नवीन मालिकेच्या नोटांवर किंमत देवनागरी अंकांतही छापलेली असते. पाचशेच्या नोटेवरचा ५ बघा आणि आपला त्याच्या शेजारी लिहून बघा.

> इशारा: आकड्यावर आकडा गिरवून दुरुस्ती करू नका. चुकला तर पूर्ण आकडा आडव्या रेघेने खोडा, शेजारी नव्याने लिहा आणि सही करा. चेकला ही सवलत नाही, त्याबद्दल टप्पा ५ मध्ये.

टप्पा ३: स्वल्पविराम आणि मधली शून्यं

मोठ्या रकमेत चूक होते ती मधल्या शून्यांत. ‘तीन लाख नऊ हजार एकोणसत्तर’ ही रक्कम घ्या. अनेक जण ३,९०,०६९ लिहितात, काही जण ३,०९,६९ वर थांबतात. आकडा लिहिण्याआधी कच्च्या कागदावर घरं आखली की हा प्रकार थांबतो:

कोटी | लाख | हजार | शेकडा | शेवटचे दोन

लाख आणि हजार या घरांत प्रत्येकी दोन जागा, शेकड्याच्या घरात एक, शेवटच्या घरात दोन. सर्वांत डावीकडचं भरलेलं घर सोडून उरलेली सगळी घरं पूर्ण भरलीच पाहिजेत. नऊ हजार म्हणजे ‘०९’. शेकडा उच्चारलाच नाही, म्हणून तिथे ‘०’. शेवटी ‘६९’. झाले ३,०९,०६९.

> तपासा: शेवटच्या स्वल्पविरामानंतर तीन आकडे, आणि त्याआधीच्या दोन स्वल्पविरामांमध्ये नेमके दोन. हा हिशोब बसला नाही तर कुठेतरी शून्य गळलंय किंवा जास्तीचं आलंय.

बोलताना आपण सर्रास पाऊणशे, सव्वाशे, दीड हजार, पावणेदोन लाख म्हणतो. ते बोलण्यातच राहू द्या. पावणेदोन लाखाचे १,७५,००० होतात हे आपल्याला ठाऊक असलं, तरी करारनाम्यात किंवा पावतीवर ‘एक लाख पंच्याहत्तर हजार’ असंच लिहावं. पाऊण लाख (७५,०००) आणि पावणेदोन लाख यांत तर ऐकणारे हमखास घसरतात.

टप्पा ४: अक्षरी रक्कम

इथे थोडा वेळ काढा. अंकांत बरोबर लिहिणारी माणसंही अक्षरी लिहिताना अडखळतात, आणि आता तर घरोघरी मुलं ‘सिक्स्टी नाइन म्हणजे किती?’ असं मराठीतच विचारतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा बराच गदारोळ झाला होता. फोनवर आकडा सांगताना ती पद्धत खरोखर कामाची आहे. कागदावर मात्र रूढ संख्यानामच लिहा.

शंभर शब्द पाठ नसले तरी चालेल, शब्दाचं शेपूट ओळखता आलं पाहिजे. शेपटावरून दशक कळतं:

- ‑वीस म्हणजे विशी, ‑तीस म्हणजे तिशी, ‑चाळीस म्हणजे चाळिशी
- ‑वन्न किंवा ‑पन्न म्हणजे पन्नाशी (बावन्न, त्रेपन्न, सत्तावन्न)
- ‑सष्ट म्हणजे साठी (बासष्ट, पासष्ट, सदुसष्ट)
- ‑हत्तर म्हणजे सत्तरी (बहात्तर, शहात्तर, सत्त्याहत्तर)
- ‑ऐंशी म्हणजे ऐंशीच्या घरातले (ब्याऐंशी, शहाऐंशी)
- ‑ण्णव म्हणजे नव्वदीतले (ब्याण्णव, शहाण्णव)

हा नियम मोडतात ती ‘एकोण’ची मंडळी, आणि सगळा घोळ तिथेच होतो. एकोण म्हणजे पुढच्या दशकाला एक कमी. म्हणून शेपूट साठ असलं तरी एकोणसाठ ५९ असतो, आणि एकोणसत्तर ६९. एकोणऐंशी ७९, एकोणनव्वद ८९. एकोण दिसलं की शेपटातल्या संख्येतून एक वजा करा. अपवाद फक्त ९९ चा. तो एकोणशंभर होत नाही, तो नव्व्याण्णव.

आता हमखास गोंधळ होणाऱ्या जोड्या. ३७ सदतीस आणि ६७ सदुसष्ट, ३८ अडतीस आणि ६८ अडुसष्ट, ४६ सेहेचाळीस आणि ६६ सहासष्ट, ७६ शहात्तर आणि ८६ शहाऐंशी. लिहिताना यांतला एखादा आला की थांबून शेपूट बघा. हिंदीची सवय असलेल्यांच्या हातून उनसठ, उनहत्तर, नवासी असे शब्द मराठी अर्जात येतात. तेवढं टाळा.

पूर्ण नमुना असा:

रु. ३,०९,०६९/- (अक्षरी रुपये तीन लाख नऊ हजार एकोणसत्तर मात्र)

‘मात्र’ किंवा ‘फक्त’ लिहिलं म्हणजे रक्कम तिथे संपली. नंतर कुणी काही जोडू नये यासाठी तो शब्द असतो, तेव्हा तो विसरू नका.

> तपासा: दुसऱ्या माणसाला फक्त अक्षरी रक्कम दाखवा आणि तिच्यावरून अंक लिहायला सांगा. अंकांवर हात ठेवा, त्याला ते दिसता कामा नयेत. दोन्ही जुळले तरच पुढे जा. स्वतःचं लिहिलेलं स्वतःच वाचून तपासलं तर डोळा तीच चूक पुन्हा बरोबर वाचतो.

टप्पा ५: चेक मराठीत लिहिताना

चेक मराठीत लिहिता येतो. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे चेकचा नमुना हिंदी आणि इंग्रजीत छापलेला असला, तरी ग्राहक तो हिंदी, इंग्रजी किंवा त्या भागातल्या प्रादेशिक भाषेत लिहू शकतो. काउंटरवर कुणी नाक मुरडलं तर शांतपणे एवढंच सांगावं. व्यवहार परराज्यातल्या पार्टीशी असेल तर मात्र मी इंग्रजीतच लिहायला सांगेन. हक्क आपला असला तरी अडकणारे पैसेही आपलेच असतात.

क्रम असा ठेवा:

१. तारीख. आठ चौकटी असतात: दोन दिवसाच्या, दोन महिन्याच्या, चार वर्षाच्या. एक तारीख असेल तर ‘०१’. पहिली चौकट रिकामी सोडलीत तर १ चे ११ करायला कुणालाही एक रेघ पुरते.

२. नाव, आणि नावानंतर उरलेल्या जागेत आडवी रेघ.

३. अक्षरी रक्कम. ओळीच्या अगदी डाव्या टोकापासून सुरू करा, ‘मात्र’ लिहा आणि उरलेल्या जागेत रेघ मारा.

४. अंकांतली रक्कम. ती अक्षरीवरून लिहा. बहुतेक जण उलटं करतात. अक्षरीला आधी मान द्यायला कारण आहे: चेकना लागू असलेल्या परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १८ प्रमाणे दोन्ही रकमांत फरक असेल तर अक्षरी रक्कम ग्राह्य धरली जाते. पण कलमावर विसंबून राहू नका, कारण दोन रकमा जुळत नाहीत या कारणाने बँक चेक सरळ परतही करते.

५. सही सर्वांत शेवटी.

> इशारा: चेकवर खाडाखोड नको. प्रतिमेवरून चेक वटवण्याच्या सध्याच्या पद्धतीत, म्हणजे सीटीएसमध्ये, नावात किंवा रकमेत केलेली दुरुस्ती शेजारी सही केली तरी चालत नाही. अपवाद फक्त तारखेची मुदत वाढवण्यापुरता. चुकला तर चेक रद्द करा आणि नवा लिहा.

चेक तारखेपासून तीन महिन्यांत भरावा लागतो. रक्कम ५०,००० किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह पे सुविधेत चेकचा तपशील बँकेला आधी कळवता येतो, आणि मोठ्या रकमांना काही बँका तो सक्तीचाच करतात. अॅपमध्ये तो भरताना आकडे इंग्रजीतच टाका. तिथे आकडा यंत्र वाचतं.

हौस असेल त्यांच्यासाठी एक गोष्ट: राष्ट्रीय दिनदर्शिकेप्रमाणे शक तारीख घातलेला चेकही वैध असतो. १५ ऑगस्ट २०२५ म्हणजे २४ श्रावण १९४७. पण ही दिनदर्शिका सौर आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरातली श्रावण शुद्ध किंवा वद्य तिथी तिथे चालत नाही.

टप्पा ६: तारीख, वेळ आणि जमिनीचं क्षेत्र

तारीख शक्यतो महिन्याच्या नावासह लिहा: १ फेब्रुवारी २०२५. नुसत्या ‘१/२/२५’चा अर्थ परदेशातला नातेवाईक दोन जानेवारी असा लावू शकतो.

वेळ टाइप करताना एक बारीक चूक सतत दिसते. १०:३० मध्ये अपूर्णविराम हवा, पण मराठी कीबोर्डवर तो सापडत नाही म्हणून विसर्ग टाकला जातो. दिसायला फरक नसतो, पण विसर्ग अक्षराला लागतो, अंकाला नाही. फॉन्ट बदलला की तिथे ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं. त्यापेक्षा मराठीतली जुनी पद्धत सोपी: १०.३० वाजता.

सातबाऱ्यावरचं क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर अशा क्रमाने असतं. १.२५.०० म्हणजे एक हेक्टर पंचवीस आर. मधला बिंदू दशांशचिन्हासारखा दिसतो आणि तिथेच लोक फसतात. चाळीस आर कुणी ‘०.४’ लिहिले तर वाचणारा ते चार आरही समजू शकतो, म्हणजे दहापट फरक. म्हणून आरच्या जागी नेहमी दोन आकडे: चार आर ‘०.०४’, चाळीस आर ‘०.४०’.

> इशारा: आर आणि गुंठा एक नाही. आर १०० चौ. मी.चा, गुंठा सुमारे १०१.१७ चौ. मी.चा. चाळीस गुंठ्यांचा एकर होतो, चाळीस आरांचा नाही. ४० आर म्हणजे जेमतेम साडेएकोणचाळीस गुंठे. खरेदीखताच्या मसुद्यात एकक बदलायचं असेल तर दोन्ही आकडे लिहा.

टप्पा ७: टायपिंग

आधी आपला कीबोर्ड काय देतो ते बघा. नोटपॅड उघडून मराठी कीबोर्ड चालू करा, वरच्या ओळीतले अंक दाबा, मग उजवीकडच्या नंबरपॅडवरचे दाबा. नंबरपॅड सहसा इंग्रजीच अंक देतो. वरची ओळ देवनागरी देत असेल तर एकाच तक्त्यात दोन्ही प्रकार मिसळतात, आणि टाइप करणाऱ्याला पत्ता लागत नाही. फोनच्या कीबोर्डवर अंकाची कळ दाबून धरली की बहुधा दुसऱ्या लिपीतला अंक समोर येतो.

दुसरी सवय म्हणजे ‘२’ आणि ‘र’ यांची अदलाबदल. ‘२मेश’ कागदावर खपून जातो, पण फाइलमध्ये रमेश शोधलात तर तो सापडत नाही. तसंच इंग्रजी अंकांत टाकलेलं वर्ष शोधून देवनागरीतलं २०२४ मिळेलच असं धरून चालू नका. शोध दोनदा घ्या. यंत्राच्या लेखी ती वेगळीच अक्षरं आहेत: युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाने प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देण्याच्या पद्धतीत, इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८ आहे आणि देवनागरी शून्याचा २४०६.

जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर असेल तर पडद्यावर देवनागरी दिसणारा अंक आतून इंग्रजीही असू शकतो. आधी तो युनिकोडमध्ये बदला आणि नंतर अंक तपासा. हे उलट्या क्रमाने केलं तर काम दोनदा करावं लागतं.

टप्पा ८: एक्सेलमध्ये

सोसायटीच्या वर्गणीची किंवा बचत गटाची यादी देवनागरी अंकांत भरली, खाली बेरजेचं सूत्र दिलं आणि उत्तर शून्य आलं. कारण हे की टाइप केलेले देवनागरी अंक एक्सेल मजकूर समजतं. ओळखायची खूण सोपी: खरी संख्या आपोआप उजव्या कडेला जाते, मजकूर डाव्या कडेला राहतो.

योग्य पद्धत अशी की आकडे इंग्रजीत भरायचे आणि फक्त दिसायला देवनागरी करायचे. रकमेचे रकाने निवडा, फॉरमॅट सेल्समध्ये कस्टम घ्या आणि हा संकेत टाका, इंग्रजी अंकांतच:

[$-4000439]0

पडद्यावर आणि छपाईत देवनागरी अंक दिसतील, आत संख्या तशीच राहील आणि बेरीजही होईल. लाख-हजाराचे स्वल्पविराम हवे असतील तर शेवटच्या शून्याऐवजी #,##0 टाका आणि विंडोजची रीजन सेटिंग भारत ठेवा, नाहीतर स्वल्पविराम मिलियनच्या हिशोबाने पडतात.

यादी आधीच देवनागरीत भरलेली असेल तर:

१. मूळ फाइलची प्रत काढा.

२. खाते क्रमांक, मोबाइल आणि तारीख यांचे रकाने बाजूला ठेवा. फक्त रकमेचे रकाने निवडा.

३. कंट्रोल-एच दाबून ० ऐवजी इंग्रजी शून्य, १ ऐवजी इंग्रजी एक, असं दहा वेळा बदला. क्रम कोणताही चालेल.

४. अंक उजवीकडे सरकले का बघा. न सरकलेल्या घरांत बहुधा ‘/-’, ‘रु.’ किंवा मोकळी जागा असते. ती काढा.

५. मग वरचा संकेत द्या.

> इशारा: दुसरी पायरी वगळू नका. लांब क्रमांकाची संख्या झाली की एक्सेल पहिले पंधरा अंकच राखतं, पुढच्यांची शून्यं होतात. सुरुवातीचं शून्यही उडतं. ही नासाडी नंतर परत फिरवता येत नाही, म्हणून असे रकाने आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा. तारखांच्या बाबतीत दिवस आणि महिन्याची अदलाबदल होऊ शकते.

टप्पा ९: छपाईला देण्याआधी

लग्नपत्रिका, लेटरहेड किंवा फ्लेक्स छापायला देताना मोबाइल क्रमांक इंग्रजी अंकांत ठेवा. पत्रिका आता व्हॉट्सअॅपवरूनच फिरते. सोबतच्या मजकुरात देवनागरीत लिहिलेल्या क्रमांकावर बोट ठेवलं तर तो बहुधा डायल होत नाही, आणि आजीला फोन लावून देणाऱ्या नातवाला १ हा नऊ वाटतो. मुहूर्त, तिथी आणि तारीख देवनागरीतच शोभतात.

छपाईवाल्याने पाठवलेला नमुना मोठा करून बघा आणि त्यातले फक्त आकडे, मजकूर सोडून, मोठ्याने वाचा. मुहूर्ताची वेळ, तारीख, वार, फोन, पिनकोड. वार आणि तारीख जुळते का ते कॅलेंडरवरून बघा. मग क्रमांकावर प्रत्यक्ष फोन लावा. घरच्याच कुणाचा फोन वाजला, तर छापायला सांगा.